कोणत्या पासिंगची गाडी?

जुनी गाडी ओळखण्याचा माझा पहिला जाहीर प्रयत्न दवनीवाड्यात साफ फसला.

गोंदिया तालुक्यातल्या या गावी आमचे नातेवाईक राहतात. धानाची कापणी उरकली होती आणि दुपारी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आतेभावाबरोबर फिरत होतो. रस्त्याच्या कडेला पंक्चरच्या दुकानाशेजारी एक जीप उभी दिसली. चाकांत हवा नव्हती, टपावरचं कॅरिअर गंजलं होतं. खाली काळा आणि वर पिवळा रंग, तोही पोपडे धरलेला. समोर उभ्या फटींची जाळी, गोल हेडलाइट, सपाट मडगार्ड आणि उंच बोनेट. मी मोबाइल काढला, चार फोटो मारले आणि भावाला ठामपणे सांगितलं, "विलीज आहे. महायुद्धाच्या काळातली."

दुकानातले काका ट्यूब घासता घासता हसले. "महायुद्धातली कायची, बापू? पंच्याऐंशीच्या नंतरची हाय ते. बोनेट पाहून फसला तू."

काकांचं बरोबर होतं. मी का फसलो ते शोधत गेलो, तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे जुन्या गाड्या ओळखणं हा वेगळाच प्रकार आहे. इंटरनेटवरच्या परदेशी व्हिडिओंवरून तो शिकता येत नाही.

अमेरिकेत किंवा युरोपात गाडीचं वय बहुतेक वेळा तिच्या आकारावरून कळतं, कारण तिथे कंपन्या दर काही वर्षांनी अख्खी बॉडी बदलत. आपल्याकडे तसं झालं नाही. जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये गाड्या जुळवायला सुरुवात केली होती, पुढे फोर्डही आली. पण १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारनं ठरवलं, की नुसते सुटे भाग आणून गाडी जुळवणाऱ्यांना इथे जागा नाही, गाडी इथेच बनवायची असेल तर थांबा. दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मागे राहिले ते मोजकेच कारखाने: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्स, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, मद्रासला स्टँडर्ड आणि जीपसाठी महिंद्रा. परवाना राज्यात स्पर्धा नव्हती आणि गाडीसाठी ग्राहक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. मग साचा बदलायचा कशाला? एकच आकार तीस-चाळीस वर्षं चालला. म्हणून इथे गाडीचं वय आकारावरून नाही, बारीकसारीक भागांवरून वाचावं लागतं.

अँबेसेडर घ्या. मूळची ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. इथे ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि मे २०१४ मध्ये बंद झाली. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. पण जवळ जाऊन जाळी बघा. १९६०च्या दशकातल्या मार्क टूची जाळी बारीक चौकड्यांची. १९७५ च्या मार्क थ्रीचा चेहरा जास्त सपाट. १९७९ च्या मार्क फोरची जाळी लहान, तिचे चौकोन मोठे आणि पार्किंगचे दिवे वेगळे, चौकोनी. लाल दिव्याच्या ज्या पांढऱ्या गाड्या आपण जुन्या बातम्यांत आणि सिनेमात पाहतो, त्यांचं दशक या जाळीवरून ओळखता येतं.

फियाटचं गणित दारात आहे. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. आधी क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकी गाड्या जुळवल्या आणि मग इटलीच्या फियाटशी हात मिळवला. १९५०च्या दशकातली गोलमटोल फियाट ११०० आली, तिला मराठी माणसानं लगेच नाव दिलं: डुक्कर फियाट. या गाडीच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात, म्हणजे दार उलटं उघडतं. तेवढं दिसलं की समजायचं, ही डुक्कर. त्यानंतर १९६४ च्या सुमारास चौकोनी बांध्याची ११०० डिलाइट आली. तिचंच नाव पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. नाव बदललं तरी १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तसाच राहिला.

आता माझी फसगत. अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती, त्यातून १९४०-४१ मध्ये जीप जन्मली. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डनं मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. युद्धातल्या जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी होत्या. युद्धानंतर शेतकऱ्यांसाठी नागरी जीप आली, तिचे हेडलाइट मोठे केले आणि फटी सातच उरल्या. म्हणजे पहिली खूण अगदी सोपी: फटी मोजा. मी मोजल्याच नव्हत्या.

दुसरी खूण बोनेटची. विलीजनं १९५३ मध्ये नवं हरिकेन पेट्रोल इंजिन घेतलं. ते जुन्या इंजिनापेक्षा उंच होतं, बोनेटखाली मावेना, म्हणून बोनेटच वर उचललं. सीजे-थ्रीबी नावाची ही उंच कपाळाची जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली. महायुद्धाच्या जीपचं बोनेट मात्र बसकं असतं. थोडक्यात, उंच बोनेट हा महायुद्धाचा पुरावा नव्हताच, उलट ती गाडी महायुद्धातली नाही याचा तो पुरावा होता.

महिंद्राची गोष्ट इथे जुळते. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावानं कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला सुट्या भागांतून पहिल्या ७५ विलीज जीपा जुळल्या. पुढे उंच बोनेटची जीप इथेच बनू लागली आणि तिचा साचा अमेरिकेत मोडीत निघाल्यावरही आपल्याकडे दशकानुदशकं चालला. दरम्यान आतलं काळीज बदललं. पेट्रोल परवडेना, म्हणून डिझेल आलं. महिंद्रानं १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला. ज्या उंच पेट्रोल इंजिनासाठी बोनेट वर उचललं होतं ते निघून गेलं आणि बोनेट उंचच राहिलं. काकांनी माझी चूक नेमकी तिथे पकडली होती.

तिसरी खूण म्हणजे नंबर प्लेट. आपल्याकडे गाडीबद्दलचा पहिलाच प्रश्न असतो, "कोणत्या पासिंगची?" एमएच-३५ गोंदिया, एमएच-३६ भंडारा, एमएच-३१ नागपूर. गोंदियाच्या रस्त्यावर एमपी-५० म्हणजे शेजारचा बालाघाट आणि सीजी-०८ म्हणजे राजनांदगाव. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यामुळे आधीच्या पिढीच्या कागदांवर जिल्हा भंडाराच असतो. 'एमएच' हे दोन अक्षरी राज्याचं चिन्ह १९८९ पासूनचं. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत. मुंबईच्या गाड्यांवर बीएम, एमआर, एमएमनं सुरू होणारी. रस्त्यावर असली तीन अक्षरी प्लेट दिसली तर गाडी थांबेपर्यंत तिच्या मागे जायला हरकत नाही.

काकांसमोर माझी अब्रू गेली होती, ती परत मिळवायला मी म्हटलं, "काका, ही व्हिंटेज म्हणून पास करून घ्या. किंमत येईल." कबाडी किलोच्या भावानं मागत होता, असं त्यांनी नुकतंच सांगितलं होतं.

रात्री नियम वाचून काढला. इंग्लंडमधल्या हौशी मंडळींच्या भाषेत 'व्हिंटेज' म्हणजे साधारण १९१९ ते १९३० मधली गाडी. त्याआधीची ती 'व्हेटरन' आणि नंतरच्या नावाजलेल्या गाड्या 'क्लासिक'. भारतात केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये आपली व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, खासगी वापरातली दुचाकी किंवा चारचाकी. मूळ रूपात जपलेली हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. रोज चालवायची नाही.

काकांची जीप प्रत्येक अटीत नापास. पन्नास वर्षं झालेली नाहीत. प्रवासी वाहतूक केलेली. इंजिन बदललेलं, मागची बॉडी जास्त माणसं बसावीत म्हणून वाढवलेली.

नियम दुष्ट नाही. बनावट 'व्हिंटेज' गाड्यांचा धंदा होऊ नये म्हणून मूळ रूपाची अट लागतेच. पण त्याचा परिणाम काय होतो ते बघा. जी गाडी राजवाड्याच्या किंवा बंगल्याच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली बसून राहिली, ती वारसा ठरते. जी रोज कामाला गेली तिचं इंजिन झिजणारच, बदलणारच. जितकं जास्त काम, तितकी वारसा ठरण्याची शक्यता कमी.

मुंबईनं हे पाहिलंय. तिथे 'काळी-पिवळी' म्हणजे पद्मिनी टॅक्सी. शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली आणि टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले, लोकांनी रील्स टाकले. निदान एक तरी पद्मिनी जतन करा, अशी मागणी टॅक्सी संघटनेनं केली होती.

विदर्भात मात्र 'काळी-पिवळी' म्हटलं की टॅक्सी डोळ्यांसमोर येत नाही. इथे काळी-पिवळी म्हणजे गावागावांतून सीट भरून धावणारी जीप. एसटीची वेळ चुकली की काळी-पिवळी. बाजाराचा दिवस असो, दवाखाना असो की कॉलेजचा पेपर, काळी-पिवळी. आत जागा संपली की मागच्या पायरीवर. माझ्या आत्यानं कॉलेजची सगळी वर्षं तीतून ये-जा केली. या काळी-पिवळीला निरोपाचा लेख मिळाला नाही. ती कधी बंद झाली याची तारीखही नाही, कारण ती एकदम बंद झालीच नाही. घरोघरी मोटारसायकली आल्या, मग सहा आसनी ऑटो आले, आणि एकेक जीप झाडाखाली लागत गेली.

मला वाटतं, जुनी गाडी ओळखण्याचा छंद इथे खरा उपयोगी पडू शकतो. चकचकीत रोल्स रॉइसची माहिती ठेवायला क्लब आहेत, रॅली आहेत, पुस्तकं आहेत. कामाच्या गाडीची माहिती फक्त तिच्या अंगावर आणि तिच्या मिस्त्रीच्या डोक्यात असते. बदललेलं इंजिन हा तिच्यातला दोष नाही, तो तिच्या आयुष्यातला एक प्रसंग आहे. डिझेल कधी बसवलं, कारण काय, कुठून आणलं, किती पैसे लागले: यात त्या भागाचा अर्थव्यवहार सापडतो. आणि गाडी किलोच्या भावानं गेली की हे सगळं जातं.

तेव्हा रस्त्यावर जुनी गाडी दिसली तर नुसता समोरून फोटो घेऊन थांबू नका. जाळी जवळून टिपा, फटी मोजा. दार कुठल्या बाजूनं उघडतं ते बघा. परवानगी घेऊन बोनेट उघडायला लावा आणि इंजिनावरचं नाव वाचा. आणि मालकाला विचारा, काय काय बदललं. नंबर प्लेट आणि माणसाचं नाव सोशल मीडियावर टाकायची गरज नाही, पण स्वतःच्या नोंदीत तारीख आणि गाव जरूर लिहा.

दुसऱ्या दिवशी मी परत दुकानावर गेलो. काकांनी स्टूल दिला, चहा मागवला. माझ्या फोनमधली नोंद अशी आहे: महिंद्रा, लांब चेसिस. उंच बोनेट. आधी पेट्रोल, नंतर नागपूरहून आणलेलं जुनं डिझेल इंजिन. मागे लाकडी बाक, दोन्ही बाजूंना. रूट दवनीवाडा ते गोंदिया. लग्नाच्या हंगामात वरातीला भाडं. बाळंतिणीला रात्री नेलं तर पैसे घेतले नाहीत, असं काका म्हणाले. किती वेळा ते त्यांना आठवत नाही.

पहिल्या नोंदणीची तारीख, ही जागा अजून रिकामी आहे. आरसी बुक भावाकडे आहे, सापडलं तर फोटो पाठवतो म्हणालेत.