सर्किट बेंडिंग

सर्किट बेंडिंग म्हणजे कमी विद्युतदाबावर चालणाऱ्या स्वस्त इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या किंवा ध्वनी काढणाऱ्या खेळण्याच्या मंडलात हेतुपुरस्सर नव्या जोडण्या करून, निर्मात्याने न योजलेले ध्वनी त्यातून मिळवण्याची पद्धत होय. १९८० च्या दशकातील लहान इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड या कामासाठी विशेष वापरले जातात. अशी वाद्ये बहुधा जुनी व नादुरुस्त अवस्थेत हाती येत असल्यामुळे प्रत्यक्षात दुरुस्ती हाच सर्किट बेंडिंगचा पहिला टप्पा ठरतो.

इतिहास

अमेरिकेतील सिनसिनाटी येथील रीड गझाला यांना या पद्धतीचे प्रवर्तक मानले जाते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, शाळकरी वयात, त्यांच्या मेजाच्या खणात ठेवलेल्या उघड्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचा धातूशी स्पर्श होऊन त्यातून अनपेक्षित आवाज येऊ लागले. या अपघातावरून त्यांनी पुढे अनेक वाद्ये तयार केली. ‘सर्किट बेंडिंग’ ही संज्ञा त्यांनी १९९२ मध्ये ‘एक्स्पेरिमेंटल म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स’ या नियतकालिकातील लेखनातून रूढ केली. या विषयावरील त्यांचे पुस्तक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात हाताने जोडलेल्या मंडलांच्या संगीताशी आलेला एक आरंभीचा संबंध अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आढळतो. तेथे १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर असलेले ध्वनिमुद्रणगृह उभारण्यात आले. ट्यूडर हे स्वतः घरगुती बनावटीच्या मंडलांवर संगीत करीत असत.

मुंबई व उपनगरे

कॅसिओ कंपनीचे पहिले इलेक्ट्रॉनिक वाद्य, कॅसिओटोन २०१, हे १९८० मध्ये बाजारात आले. त्यानंतरच्या दशकात याच कंपनीची व यामाहाची छोटी वाद्ये जगभर पसरली. महाराष्ट्रात ‘कॅसिओ’ हे कंपनीचे नाव कोणत्याही कीबोर्डसाठी सामान्यनाम म्हणून रूढ झाले. वाद्यवृंद, गणेशोत्सवातील कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलने आणि बेंजो पथके यांत कीबोर्डला स्थान मिळाले. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी परदेशी वस्तूंवरील आयातशुल्क मोठे असल्याने असे वाद्य घरात येणे ही अपूर्वाईची गोष्ट होती.

यंत्राचा मूळ हेतू बाजूला सारून त्यातून वेगळे संगीत काढण्याचे मुंबईतील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे चरणजित सिंग यांची १९८२ सालची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका होय. तीत त्यांनी रोलँड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ व ज्युपिटर-८ ही यंत्रे वापरली. यांपैकी टीबी-३०३ हे एकट्या वादकाला बास गिटारची साथ देण्यासाठी बनवलेले यंत्र होते. सिंग यांनी ते राग वाजवण्यासाठी योजले. २०१० मध्ये ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रकाशित झाल्यावर, पुढे शिकागोत उदयास आलेल्या अ‍ॅसिड हाउस संगीताशी तिचे साम्य चर्चिले गेले. यात यंत्राच्या अंतर्भागात बदल केलेले नसल्यामुळे ते सर्किट बेंडिंग ठरत नाही.

उपनगरांत राहणाऱ्या हौशी दुरुस्तीकारांना सुट्या भागांसाठी पूर्वीपासून ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, येथील इलेक्ट्रॉनिक बाजाराचा आधार आहे. जुन्या वस्तूंसाठी चोर बाजार प्रसिद्ध आहे. २०१३ मध्ये मुंबईत सुरू झालेली ‘मेकर्स असायलम’ ही सामुदायिक कार्यशाळा काही वर्षे अंधेरी पूर्व येथे होती. नंतर ती गोव्यात गेली.

वाद्याची रचना

स्वस्त कीबोर्डमध्ये सामान्यतः पुढील भाग असतात: पट्ट्यांखालील रबरी पडदा व कार्बनचे स्पर्शबिंदू, ध्वनी निर्माण करणारी मुख्य आयसी, तिला गती देणारे घड्याळ-मंडल, आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि बॅटरीचा कप्पा. मुख्य आयसी ही निर्मात्याने त्या वाद्यासाठी खास बनवून घेतलेली असते. इतर बहुतेक भाग बाजारात मिळतात किंवा त्यांना पर्याय सापडतो; मुख्य आयसी मात्र तशाच दुसऱ्या बंद वाद्यातून काढूनच मिळवावी लागते. त्यामुळे जुन्या कीबोर्डचे आयुष्य प्रामुख्याने या एका भागावर अवलंबून असते.

१९८० च्या दशकाच्या मध्यास आलेले कॅसिओ एसके-१ हे सर्किट बेंडिंग करणाऱ्यांचे आवडते वाद्य आहे. त्यात ३२ लहान पट्ट्या असून एका वेळी चार स्वर वाजतात. बाहेरचा आवाज सुमारे १.४ सेकंदांपर्यंत साठवून तो पट्ट्यांवर वाजवण्याची सोय त्यात आहे.

सामान्य बिघाड व दुरुस्ती

मुंबईची दमट, खारी हवा धातूच्या स्पर्शबिंदूंना मारक असते. अनेक वर्षे माळ्यावर पडून राहिलेल्या वाद्यात खालील बिघाड प्रामुख्याने आढळतात.

बॅटरीची गळती: कप्प्यातील स्प्रिंगांवर पांढरे किंवा हिरवे क्षार जमतात. अल्कलाइन सेलची गळती व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने निघते. त्यानंतर भाग अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावा लागतो.

चुकीचा अ‍ॅडाप्टर: कॅसिओच्या अनेक जुन्या वाद्यांत अ‍ॅडाप्टरच्या पिनेचा मध्यभाग ऋण असतो, तर आजच्या बहुसंख्य अ‍ॅडाप्टरांत तो धन असतो. उलटा अ‍ॅडाप्टर लावल्यास मंडल जळू शकते. म्हणून वाद्यावरील खूण व मल्टिमीटर यांनी ध्रुव तपासल्याविना वीज देऊ नये. पहिली चाचणी बॅटरीवर घेणे सुरक्षित असते.

न वाजणाऱ्या पट्ट्या: एखादीच पट्टी बंद असेल तर तिचा कार्बनचा स्पर्शबिंदू मळलेला असण्याची शक्यता अधिक. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसतात; घासल्यास कार्बनचा थर निघून जातो. ठरावीक अंतराने अनेक पट्ट्या बंद असतील तर दोष पट्ट्यांत नसून त्यांना जोडणाऱ्या सामाईक तारेत किंवा पट्टीवजा केबलमध्ये असतो, कारण पट्ट्या उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत जोडलेल्या असतात.

स्पीकर मुका असणे: हेडफोन लावल्यावर आवाज येत असेल व स्पीकरमधून येत नसेल, तर बहुधा हेडफोनच्या खोबणीतील स्विच गंजलेला असतो. हेडफोन काढल्यावर स्पीकरला पुन्हा जोडण्याचे काम हा स्विच करतो.

खरखर व गुणगुण: आवाज कमी-जास्त करताना होणारी खरखर नियंत्रकातील धुळीमुळे होते. सतत गुणगुण येत असल्यास वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलावे लागतात.

बेंडिंगची पद्धत

दुरुस्त झालेले वाद्य बॅटरीवर चालू ठेवून, एका तारेच्या दोन टोकांनी मंडलावरील दोन बिंदू क्षणभर जोडले जातात. तारेत रेझिस्टर घातल्यास धोका कमी होतो. उपयुक्त ध्वनी देणाऱ्या बिंदूंची नोंद ठेवून तेथे स्विच किंवा फिरते नियंत्रक कायमचे बसवतात. ध्वनीची माहिती साठवणाऱ्या स्मृती-आयसीच्या तारा एकमेकींना जोडल्यास मुख्य आयसी चुकीचे आकडे वाचते आणि परिचित स्वराऐवजी कर्कश किंवा तुटक ध्वनी उमटतो. अशा वेळी वाद्य कधीकधी गोठून जाते. ते बंद करून पुन्हा सुरू केल्यास सहसा पूर्ववत होते. वीजपुरवठ्याच्या बिंदूंना तार लागल्यास मात्र मुख्य आयसी कायमची निकामी होऊ शकते.

घरगुती विजेवर थेट चालणाऱ्या कोणत्याही उपकरणावर हा प्रयोग करणे प्राणघातक ठरू शकते. ही पद्धत केवळ बॅटरीवर चालणाऱ्या वाद्यांपुरती मर्यादित आहे.

भारतीय संगीताच्या दृष्टीने

पट्ट्यांच्या वाद्यातील स्थिर स्वर व मींडेचा अभाव यांवर भारतात जुना आक्षेप आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व ई. क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमला मज्जाव केला. पुढे ही बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल झाली.

कीबोर्डच्या घड्याळ-मंडलाची गती बदलता आली तर सर्व स्वर एकाच वेळी वर किंवा खाली सरकतात. गती सुमारे ५.६ टक्के कमी केल्यास वाद्य एका अर्धस्वराने उतरते. काळी चार किंवा पांढरी दोन अशा पट्टीत बोटे न बदलता साथ करण्यास, तसेच दोन पट्ट्यांच्या मधल्या उंचीवर गाणाऱ्या गायकाच्या षड्जाशी वाद्य जुळवण्यास हा बदल उपयोगी पडतो. मात्र स्वरांमधील परस्पर अंतर तेच राहत असल्याने श्रुतींचा प्रश्न यामुळे सुटत नाही. नियंत्रक फिरवून स्वर घसरवता येतो, पण त्याबरोबर वाजत असलेले इतर स्वर व बहुधा तालाची लयही सरकते.

दुरुस्ती की बदल

आवाजासाठी निर्मात्याने बसवलेली मंडले जपावीत की त्यांना नवे रूप द्यावे, याविषयी मतभेद आहेत. बेंडिंगमुळे भंगारात जाणारी वाद्ये वापरात येतात, हा त्याच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद होय. त्याच वेळी, पुन्हा न बनणारी मुख्य आयसी प्रयोगात गमावल्यास तशा वाद्यांची संख्या आणखी घटते. म्हणून पूर्णपणे चालू असलेले वाद्य न उघडता ते वादकाच्या हाती राहू द्यावे, ज्याचे काही भाग गेले आहेत पण मुख्य आयसी शाबूत आहे ते बेंडिंगसाठी निवडावे आणि जे मुळीच चालत नाही त्याचे सुटे भाग दुसऱ्याच्या दुरुस्तीसाठी राखावे, असा क्रम व्यवहार्य ठरतो. मूळ जोडण्यांची छायाचित्रे काढून ठेवल्यास आणि नव्या जोडण्या स्विचद्वारे केल्यास वाद्य पूर्वस्थितीत आणणे शक्य होते.

हेही पाहा

हार्मोनियम
सिंथेसायझर
बुलबुलतरंग
ई-कचरा