चित्रनळी की सपाट पडदा? : जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या जतनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
करमणुकीच्या साधनांचा इतिहास लिहिताना नाट्यगृह, तमाशाचा फड व चित्रपटगृह यांची दखल मराठी अभ्यासकांनी घेतली. परंतु नाणे किंवा टोकन टाकून खेळावयाच्या व्हिडिओ गेम यंत्रांकडे त्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः या यंत्रांची नोंद शासनाने घेतली होती. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३ च्या कक्षेत पुढे व्हिडिओ गेमही आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन हे शुल्क त्यात सामावले जाईपर्यंत ती व्यवस्था टिकली. ज्याच्यावर कर बसतो, तो व्यवहार इतिहासाचा विषय ठरण्यास हरकत नसावी.

सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावाचा विचार करताना शेजारच्या मालेगावचे उदाहरण उपयुक्त ठरते. तेथे व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी पुढे 'मालेगाव के शोले' हा स्थानिक चित्रपट निर्माण केला. काचेच्या पडद्यासमोर थोडे पैसे देऊन एकत्र बसण्याची सवय या भागाला अशी जुनीच आहे. ती वस्तुरूपाने जतन करावयाची झाल्यास पहिला प्रश्न पडद्याचाच उपस्थित होतो.

नळीवरील चित्राचे स्वरूप :
कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ मध्ये सिद्ध केलेल्या किरणनळीचेच विकसित रूप म्हणजे दूरदर्शन संचातील पिक्चर ट्यूब होय. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि त्यानंतर नळीचा संच घराघरांत पोहोचला. व्हिडिओ गेमची यंत्रेही याच नळीवर उभी होती. भारतात 'मुस्तफा' या नावानेच ओळखला गेलेला खेळ म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ मधील 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मूळ नाव बाजूला पडून त्यातील एका पात्राचे नाव रूढ झाले, हा लोकव्यवहाराचा मासलेवाईक नमुना आहे.

या खेळाचे चित्र आडवे ३८४ व उभे २२४ ठिपक्यांचे असते. नळीवर प्रत्येक ओळ किरणाने स्वतंत्र ओढली जाते, दोन ओळींमध्ये बारीक काळी फट राहते, कडा किंचित विरघळतात. चित्रकारांनी पात्रे रेखाटली ती हा परिणाम गृहीत धरूनच. सपाट पडद्यावर मात्र १०८० ओळी कायमच्या ठरलेल्या असतात. २२४ ने १०८० ला भागल्यास सुमारे ४.८२ येतात, म्हणजे चित्र पूर्ण उंचीचे केल्यास मूळची एखादी ओळ चार ठिपक्यांची, तर दुसरी पाच ठिपक्यांची होते आणि पार्श्वभूमी सरकू लागली की चित्र थरथरते. चौपट वाढ केल्यास ८९६ ओळी भरतात व वर-खाली मिळून १८४ ओळी काळ्या राहतात. प्रामाणिक जतनासाठी हा दुसरा पर्यायच अधिक बरा, जरी पाहणाऱ्यास तो अपुरा वाटला तरी.

काही खेळांच्या बाबतीत तर निवडीला जागाच उरत नाही. बंदुकीने नेम धरावयाच्या जुन्या खेळांत बंदुकीतील संवेदक नळीवरील प्रकाशाचा नेमका क्षण टिपतो; सपाट पडद्यावर चित्र उशिरा उमटत असल्याने ती बंदूक निकामी ठरते. अटारीच्या 'अॅस्टेरॉइड्स' (१९७९) मध्ये किरण ओळीओळीने न फिरता थेट आकृतीच रेखाटतो. त्याचे सपाट पडद्यावरील रूप ही केवळ नक्कल होय.

उपलब्धता व दुरुस्ती :
तत्त्वतः नळीचा पक्ष बळकट असला तरी व्यवहार वेगळे सांगतो. औरंगाबादजवळ चितेगाव येथे दूरदर्शन संच तयार करणाऱ्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये थॉमसन या फ्रेंच कंपनीचा नळीनिर्मितीचा व्यवसाय विकत घेतला. जगाचा कल सपाट पडद्याकडे वळत असतानाचा हा निर्णय आज धाडसापेक्षा चुकीचा अंदाज वाटतो. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नव्या नळ्या आता बाजारात नाहीत. जे आहे ते जुन्या संचांतून काढलेले. नळीच्या काचेत शिसे असल्याने ती भंगारात टाकणेही सोपे नाही. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आहेत.

नळीपेक्षा दुर्मीळ होत चालला आहे तो ती हाताळणारा कारागीर. ईएचटी ट्रान्सफॉर्मर बदलणे, तिन्ही रंगांचे किरण एका बिंदूवर जुळविणे, संच बंद केल्यावरही नळीत उरणारा हजारो व्होल्टचा दाब सुरक्षितपणे उतरविणे ही कामे पुस्तकावरून येत नाहीत. एखाद्या महाविद्यालयाने असे यंत्र संग्रहात ठेवावयाचे ठरविल्यास अशा कारागिराची मुलाखत ध्वनिमुद्रित करणे हे यंत्र मिळविण्याइतकेच तातडीचे काम आहे.

रोज विद्यार्थ्यांच्या हाती द्यावयाच्या यंत्रात सपाट पडदा बसविण्यास आक्षेप नसावा. मात्र त्यासाठी मूळ जोडणी कापली जाऊ नये. जपानी उत्पादक संघाने १९८५ मध्ये रूढ केलेल्या जामा पद्धतीत ५६ टोकांच्या एकाच जोडपट्टीतून चित्र, ध्वनी व कळांचे संकेत जातात. ही पट्टी शाबूत राखून पडद्यासाठी वेगळा परिवर्तक लावल्यास, पुढे चालू स्थितीतील नळी हाती लागताच ती त्याच पेटीत पुन्हा बसविता येते.