इंडक्शन शेगडीची बटणे न चालणे

इंडक्शन शेगडीत बोट आणि आच यांच्यामध्ये यांत्रिक जोड नसते. गॅसचा नॉब प्रत्यक्ष झडप फिरवतो. इथले बटण मात्र ५ व्होल्टवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरकडे केवळ एक इशारा पाठवते आणि कॉइल सुरू करायची की नाही हे तो ठरवतो. त्यामुळे पॅनेल दाद देत नाही या एकाच तक्रारीखाली तीन वेगळे बिघाड येतात : पॅनेल पूर्ण अंधारलेले असते, दिवे लागतात पण कोणतेच बटण चालत नाही, किंवा एखाददुसरेच बटण रुसलेले असते.

दिवे लागत असतील तर आधी चाइल्ड लॉक पाहावा. डिस्प्लेवर एल हे अक्षर किंवा कुलपाचे चिन्ह दिसत असल्यास लॉकचे बटण साधारण तीन सेकंद दाबून धरावे लागते. काही मॉडेलांत दोन बटणे एकदम दाबावी लागतात. पुसताना हा लॉक नकळत लागतो. बटण दाबल्यावर शेगडी बीप-बीप करून काही वेळाने बंद पडत असेल, तर पॅनेल ठणठणीत असते आणि भांडे चुकीचे असते. तळाला लोहचुंबक घट्ट चिकटत नसेल, तर ॲल्युमिनियमचे पातेले काय किंवा तांब्याचे काय, शेगडी त्याला ओळखतच नाही.

टच पॅनेलमध्ये काचेखाली प्रत्येक चिन्हाच्या जागी एक छोटी स्प्रिंग काचेला टेकलेली असते. बोट जवळ आले की तिथली विद्युत धारिता किंचित बदलते आणि तेवढ्यावरून स्पर्श ओळखला जातो. पाण्यानेही हाच बदल होतो. दूध उतू जाऊन पॅनेलवर पसरले, तर एकाच वेळी तीन-चार ठिकाणी बोटे ठेवल्याचा भास होतो. बऱ्याच शेगड्या अशा वेळी मुद्दामच बंद होतात किंवा कोणताही स्पर्श मानत नाहीत. हा बिघाड नाही, सावधगिरी आहे. शिवाय वीज मिळताच पॅनेल आपली कोरी स्थिती मोजून घेते. त्या क्षणी वर ओले फडके पडलेले असेल, तर तीच कोरी स्थिती ठरते आणि नंतर खरे बोट ओळखू येत नाही. यावर उपाय एकच : प्लग काढावा, काच कोरड्या फडक्याने पुसावी, पाचेक मिनिटांनी प्लग लावावा आणि तोवर काचेवर काही ठेवू नये. नखाने टोचून टच चालत नाही. बोटाचे कोरडे, सपाट पेर टेकवावे लागते.

दाबायच्या बटणांची गोष्ट वेगळी. छापील प्लास्टिक पडद्याखाली बोर्डावर साधारण ६ मिमी चौकोनाचे छोटे स्विच असतात आणि त्यांतली धातूची वाटी दबली की टिक आवाज येतो. सुरू करायचे बटण सर्वांत आधी जाते. त्यावरचा पडदा अंगठ्याने पिचकून फाटतो आणि तिथून वाफ व तेल आत शिरते. टिक जाणवत नसेल तर वाटी थकलेली असते. टिक होऊनही काही घडत नसेल तर संपर्कबिंदू गंजलेले असतात. ओलीमुळे आणखी एक गंमत होते. काही बोर्डांवर सगळी बटणे वेगवेगळ्या रेझिस्टरांतून एकाच तारेला जोडलेली असतात. त्यांतला एखादा स्विच आतून ओलसर झाला, तर आच वाढवायला जावे आणि टायमर लागावा असे प्रकार घडतात. एखादा स्विच दाबलेलाच राहिला तर बाकीची बटणेही गप्प होतात. नवा स्विच काही रुपयांत मिळतो, पण उंची जुळवून घ्यावी लागते : उंच स्विच पडद्याखाली कायम दबलेला राहतो, बुटक्यापर्यंत बोट पोचत नाही.

पॅनेल पूर्ण अंधारलेले असल्यास तपास सॉकेटपासून करावा. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ ॲम्पिअर ओढते. तिला १६ ॲम्पिअरचा पॉवर पॉइंट लागतो. छोट्या सॉकेटात चालवल्यास पिना तापून काळवंडतात आणि पॅनेल मधूनच विझते. सॉकेट ठीक असेल तर आतला फ्यूज पाहावा लागतो. तो काळा पडून उडालेला असल्यास बहुधा आयजीबीटी, म्हणजे कॉइलची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, शॉर्ट झालेला असतो. नुसता फ्यूज बदलला तर तोही उडतो. म्हणून जाणते मेकॅनिक आधी १०० वॉटच्या बल्बाशी सिरीजमध्ये शेगडी जोडतात : बल्ब भगभगून पेटला की शॉर्ट अजून आहे हे कळते. खालच्या पंख्याच्या जाळीतून उबेला येणारी झुरळे हेही एक खरे कारण आहे. त्यांची विष्ठा आणि मेलेली शरीरे बोर्डावरच्या वाटा जोडून टाकतात.

शेगडी उघडण्यापूर्वी प्लग काढून काही मिनिटे थांबणे आवश्यक आहे, कारण आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत भार असू शकतो. पॅनेल आणि मुख्य बोर्ड यांना जोडणारी तारांची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवल्यावरही अनेक शेगड्या बोलू लागतात. बोर्ड बदलायचाच झाला तर त्यावर छापलेला क्रमांक जुळवावा. दिसायला सारख्या दोन पॅनेलांत पिनांचा क्रम निराळा असू शकतो.