घर सोडण्याचं दुःख पैशात मोजता येतं का? 'दिलासा रक्कम' म्हणजे काय?

कडक उन्हाळ्यात उजनी धरणातलं पाणी खूप खाली गेलं की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर वर दिसू लागतं. त्याचे फोटो आणि रील्स दरवेळी व्हायरल होतात. पाहणाऱ्याला ते पाण्यातलं सुंदर मंदिर वाटतं. ज्यांचं बालपण तिथे गेलं, त्यांच्यासाठी मात्र ते बुडालेल्या गावाचं शिखर असतं.

धरण, रस्ता किंवा खाणीसाठी घर सोडावं लागलं, तर जमिनीचे पैसे मिळतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण घर सोडण्याच्या दुःखाचा कायद्यात काही विचार आहे का? आहे. त्यासाठी एक शब्दही आहे.

दिलासा रक्कम म्हणजे काय?

इंग्रजी कायद्यात त्याला 'सोलेशियम' म्हणतात. हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ सांत्वन. मराठी सरकारी कागदांत त्याला 'दिलासा रक्कम' म्हणतात. मालकाने जमीन स्वतःहून विकलेली नाही, सरकारने ती सक्तीने घेतली, म्हणून बाजारभावाच्या वर दिलेली ही जास्तीची रक्कम.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात ही रक्कम बाजारभावाच्या १५ टक्के होती. १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या कायद्यात ती थेट १०० टक्के करण्यात आली.

हिशेब कसा होतो?

समजा, ग्रामीण भागातल्या एका जमिनीचा बाजारभाव १० लाख रुपये आहे. ग्रामीण भागात या किमतीला १ ते २ च्या दरम्यानच्या गुणकाने गुणतात. गुणक २ धरला तर २० लाख झाले. त्यावरचं घर आणि झाडं यांची किंमत ३ लाख धरू. एकूण २३ लाख. तेवढीच म्हणजे २३ लाख दिलासा रक्कम. हातात ४६ लाख.

आकडा मोठा दिसतो. पण त्यातच एक अडचण आहे. दिलासा ठरतो तो जमिनीच्या आणि घराच्या किमतीवरून. हायवेलगतच्या प्लॉटचा दिलासा जास्त, डोंगरातल्या पाच पिढ्यांच्या घराचा कमी. घराशी असलेल्या नात्याचा या गणिताशी संबंध नाही. शिवाय ज्यांच्या नावावर काहीच नाही, त्यांना सहसा मोबदला नसतो आणि म्हणून दिलासा रक्कमही नसते. शेतमजूर, गावातले कारागीर आणि उताऱ्यावर नाव नसलेल्या बायका यांचं गाव मात्र तेवढंच सुटतं.

मग लोक नेमकं काय गमावतात?

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातली वेस्ट एंड ही कामगारवस्ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस नवीन बांधकामासाठी पाडण्यात आली. तिथून हललेल्या लोकांचा अभ्यास करून मार्क फ्राइड यांनी १९६३ मध्ये निष्कर्ष मांडले. अनेकांचं दुःख जवळचं माणूस गेल्यासारखं होतं. ज्यांचा वस्तीवर जास्त जीव होता, त्यांना जास्त त्रास झाला. माणसं फक्त भिंती गमावत नाहीत, तर ओळखीच्या वाटा आणि आपल्या माणसांचा गोतावळाही गमावतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९२१ मध्ये टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे नेते होते. पुढे कोयना धरणाच्या वेळी पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदाच नव्हता, राज्याने तो १९७६ मध्ये केला. कोयनेच्या खोऱ्यातली कुटुंबं सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली. डोंगरातला माणूस सपाट, कोरड्या मुलखात गेला. पीक बदललं, पाऊस बदलला, सोयरीक लांब गेली. अशा नुकसानीसाठी सातबाऱ्यावर रकाना नसतो.

दुःख कमी कशाने होतं?

गोव्यातलं सांगे तालुक्यातलं कुर्डी हे गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचं गाव. १९८० च्या दशकात ते साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथलं प्राचीन महादेव मंदिर सुटं करून दुसरीकडे पुन्हा उभारलं गेलं. घरं तशी हलवता आली नाहीत. पण दर उन्हाळ्यात पाणी ओसरतं, तेव्हा जुने गावकरी तिथे परत जमतात. देवळाचा उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं चॅपेलचं फेस्त करतात. घराच्या चौथऱ्यावर उभं राहून मुलांना 'इथे आपलं स्वयंपाकघर होतं' असं सांगता येतं.

याचा अर्थ पैसा गरजेचा आहेच, पण गाव एकत्र राहणं आणि जुन्या जागेशी धागा टिकणंही महत्त्वाचं आहे. २०१३ च्या कायद्यात याची थोडी दखल आहे. नव्या वसाहतीत रस्ते आणि पाण्यासोबत स्मशान किंवा दफनभूमी हवी, असं त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत लिहिलेलं आहे. दर ५० कुटुंबांमागे प्रार्थनास्थळ आणि लोकांना एकत्र बसायला चावडी किंवा झाडाचा पार हवा, असंही त्यात म्हटलं आहे. पार ही चैन नाही, ती हक्काची गोष्ट आहे.

तुमच्या गावात भूसंपादन होणार असेल तर काय लक्षात ठेवाल?

१. प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते.

२. शेतीचा सातबारा आणि घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आधीच तपासा. घर, गोठा, विहीर, झाडं यांची नोंद पंचनाम्यात आली का, ते पाहा.

३. ग्रामीण भागात घर गेलं तर बांधलेलं घर मिळण्याची तरतूद आहे. घराची जागा नावावर नसली, तरी अधिसूचनेआधी सलग तीन वर्षं तिथे राहणाऱ्या बाधित कुटुंबालाही ती लागू होते.

४. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता महिलांना वेगळं कुटुंब मानलं जातं. यादीत त्यांचं नाव स्वतंत्र आहे का, ते विचारा.

५. नव्या वसाहतीच्या आराखड्यावर चर्चा होईल तेव्हा फक्त प्लॉट किती फुटांचा एवढंच विचारू नका. शेजारी कोण, देऊळ कुठे, स्मशान कुठे, पार कुठे, हेही विचारा.

दिलासा रक्कम एकदाच खात्यात जमा होते. नव्या गावात शेजार मिळाला की नाही, हे मात्र रोज दार उघडल्यावर कळतं. म्हणून पैशांच्या हिशेबाइतकाच त्या आराखड्याचा कागदही नीट वाचायला हवा.