वैद्यकीय प्रतिमातंत्रज्ञांचे दूरशिक्षण : एक ऐतिहासिक टिपण

रंटगेन याने क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरात लावला आणि वर्षभरातच रुग्णालयांतून त्यांचा उपयोग होऊ लागला. यंत्र आधी आले. ते चालविणाऱ्याच्या शिक्षणाची व्यवस्था पुष्कळ मागाहून झाली. इंग्लंडमध्ये रेडिओग्राफरांची संस्था १९२० साली स्थापन झाली आणि अमेरिकेत परीक्षापूर्वक नोंदणी १९२२ मध्ये सुरू झाली.

किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात देऊन अवयवांची प्रतिमा घेणाऱ्या अणुवैद्यकाच्या बाबतीतही हाच क्रम पुन्हा घडला. मुंबईत परळ येथे १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. परंतु आशियातील अनेक देशांत गॅमा कॅमेरे पोहोचले तरी तंत्रज्ञ घडविणारे विद्यालय नव्हते. यातील धोका सहजी लक्षात येणारा नव्हे. कॅमेऱ्यातील एखादी प्रकाशगुणक नलिका बिघडल्यास प्रतिमेत फिकट डाग उमटतो. यंत्राची रोजची चाचणी कशासाठी करावयाची हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हातून यंत्राचा हा दोष रुग्णाचा रोग म्हणून डॉक्टरांपुढे जाण्याचा संभव असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९९० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ऑस्ट्रेलियातील शिक्षकांच्या साहाय्याने एक योजना हाती घेतली. तिचा विद्यार्थी नोकरीत असलेलाच तंत्रज्ञ असे. पाठ लिखित स्वरूपात येत. त्यांतील प्रयोग मात्र त्याने आपल्याच विभागातील यंत्रावर, स्थानिक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावयाचे असत. दूर होता तो केवळ शिक्षक. यंत्र व रुग्ण त्याच्यासमोरच होते. हा अभ्यासक्रम पुढे आशियाबाहेर गेला व संगणकीय जालावरही आला.

भारतात पत्रद्वारा शिक्षण दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये सुरू केले. तथापि संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मनाई केली. प्रतिमातंत्रज्ञही त्या कायद्याच्या कक्षेत येतात.

हा निर्णय वरील अनुभवाच्या विरुद्ध आहे असे वरवर पाहता वाटेल. वस्तुतः तसे नाही. ज्याने यंत्राला कधी हात लावला नाही, त्यास लिखित पाठ कौशल्य देऊ शकत नाही. उलट, जो वर्षानुवर्षे यंत्र चालवीत आहे परंतु ज्यास त्यामागील कारणे कोणी सांगितली नाहीत, त्यास ती अशाच पाठांतून मिळू शकतात. व्यवसायात नव्याने येणारा आणि सेवेत असलेला या दोन विद्यार्थ्यांतील भेद नियम करताना ध्यानात ठेवला नाही, तर पहिल्याच्या रक्षणासाठी घातलेले बंधन दुसऱ्याच्या उन्नतीस अडसर ठरेल.