वेबसाइट बनवताय? एका काडीच्या रेंजवर उघडते का, ते आधी बघा

पौड (वार्ताहर) : हिंजवडी आणि माण ही आयटी पार्कची गावं आपल्याच मुळशी तालुक्यात. तिथं जगभरच्या कंपन्यांची कामं होतात, आणि इकडं ताम्हिणीच्या अंगाला एक फोटो उघडायला टेकाडावर जावं लागतं. तरी आता तांदूळ विक्री, कृषी पर्यटन, खानावळ यासाठी बरेच जण वेबसाइट बनवून घेत आहेत.

मीही इंद्रायणी तांदळासाठी घेतली होती. उघडली की शेताचा व्हिडिओ सुरू व्हायचा. दिसायला एक नंबर! पण गावात कुणाच्या मोबाइलवर उघडेना. फोन नंबर चित्रात लिहिलेला, त्यामुळं गिऱ्हाइकाला बोट दाबून फोन लावता येईना. पैसे गेले अन् हंगामही गेला. म्हणून सध्या वेबसाइटच्या रचनेत काय चालू आहे, ते इथं देत आहे.

आधी मोबाइल, मग संगणक
स्क्रीन लहान असो वा मोठी, पान आपोआप तिच्या मापात बसावं, ही पद्धत अमेरिकेतल्या इथन मार्कोट यांनी 2010 मध्ये मांडली. तिला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात. 2018 पासून गुगलनेही साइट तपासताना मोबाइलवरचं पान आधी धरायला सुरुवात केली. मोबाइलवर नीट न दिसणारी साइट शोधात मागं पडू शकते.

हलकं पान
हलत्या चित्रांचं फ्लॅश 2020 च्या शेवटी बंद झालं. आता कल हलक्या पानाकडं आहे. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गुगलचं माप आहे. मोबाइलवर काढलेला फोटो कित्येक एमबीचा असतो. तो लहान करून वेबपी प्रकारात टाकला तर पान लवकर उघडतं. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ टाळा.

मराठी अक्षरं
मजकूर युनिकोडमध्येच हवा. चित्रातली किंवा जुन्या फॉन्टमधली अक्षरं शोधात नीट सापडत नाहीत. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत मिळतात. ओळींमध्ये जागा जरा जास्त सोडा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात.

उन्हात वाचता यावं
पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ही शहरी फॅशन. बांधावर उभं राहून उन्हात ती दिसत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान साडेचारास एक असावा, असा जागतिक नियम आहे. सरकारी साइटसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2009 मध्ये आली, तिसरी आवृत्ती 2023 मध्ये. अंध-अपंगांनाही साइट वापरता यावी, यावर त्यात भर आहे.

फसवी बटणं
आधीच टिक केलेला चौकोन, 'शेवटची एकच खोली शिल्लक' अशी खोटी घाई, यांना डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये असे 13 प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. आपल्या साइटवर ते नकोतच, दुसऱ्याच्या साइटवरही ओळखा. सातबारा काढताना पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का, ते बघा. महाभूमीच्या सरकारी साइटवर डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो.

शेवटचा हप्ता देण्याआधी
- साइट जुन्या मोबाइलवर, कमी रेंजच्या जागी, भर दुपारी उघडून बघा.
- घरातल्या वयस्कर माणसाच्या हातात मोबाइल द्या. फोन नंबर सापडून लगेच फोन लागला पाहिजे.
- डोमेन आपल्याच नावावर घ्या आणि पासवर्ड आपल्याकडं ठेवा. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून आपण शेती करतो का? तसंच हे.