तलवारीवरचं नाव तरी वाचा!

परवा जालन्यातल्या आमच्या ग्रुपवर वाद झाला. एक जण म्हणाला, मराठ्यांच्या तलवारीला विदेशी म्हणणं हा पूर्वजांचा अपमान आहे. मी एवढंच म्हणालो, आधी तलवारीवरचं नाव वाचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनहून मुंबईत आली. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने लिहिलंय: 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. फिरंग म्हणजे फिरंग्यांचं, युरोपात घडलेलं पातं. मूठ मात्र आपली, मुल्हेरी. याच रघुजींचे नातू, दुसरे रघुजी, १८०३ मध्ये आपल्या असईला शिंद्यांसोबत इंग्रजांविरुद्ध उभे होते.

खड्ग शब्द संस्कृत, समशेर आणि तेग फारसी, फिरंग युरोपाची आठवण देणारा. पूर्वजांनी चांगलं पोलाद मिळेल तिथून घेतलं, त्याला आपली मूठ बसवली आणि नाव लपवलं नाही.

आपल्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार कुठून कुठून येतं, पण सळई जालन्याचीच म्हणतात ना? मग यात कमीपणा कसला? त्यांनी सोन्याने लिहिलेलं आपण पुसायचं, अपमान तो आहे.